वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिसचे पत्र लवकर आले तर काय करायचे?

अमेरिकेतल्या सैनिकी अकादम्यांत अर्ज केलेल्या काही मुलांना बारावीची दिवाळी यायच्या आतच एक पत्र येते. वर्गातली बाकीची मुले अजून कॉलेजचे निबंध लिहीत असतात आणि या मुलाच्या हातात अकादमीच्या शिक्क्याचा कागद असतो. या पत्राला ‘लेटर ऑफ अश्युरन्स’ म्हणतात, बोलताना नुसते एलओए. पत्र मानाचे आहे, कारण अकादमी ते थोड्याच मुलांना पाठवते. पण तो प्रवेश नव्हे. ‘या अटी पुऱ्या झाल्या तर तुम्हाला जागा देऊ’ इतकेच ते सांगते, आणि अटी पुऱ्या करायचे काम पत्र आले त्या दिवसापासून सुरू होते.

महाराष्ट्रात वाढलेल्या पालकांच्या डोळ्यांसमोर खडकवासल्याची एनडीए असते: यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची निवड-मुलाखत, मग मेडिकल, मग मेरिट लिस्ट. अमेरिकेत अशी एकच प्रवेश परीक्षा नाही. शाळेचे गुण, एसएटी किंवा एसीटी चाचणी, नेतृत्व, खेळ, शारीरिक चाचणी, मेडिकल आणि बहुतेक अकादम्यांसाठी लोकप्रतिनिधीचे नॉमिनेशन (म्हणजे त्याने तुमचे नाव अकादमीला सुचवणे) हे सगळे वेगवेगळ्या दारांतून एकाच वेळी चालू असते. तुलना करायचीच तर एलओए मिळालेला मुलगा एसएसबीत ‘रेकमेंड’ झालेल्या मुलासारखा आहे. बॅग भरायला अजून अवकाश आहे.

पाच अकादम्या आहेत. वेस्ट पॉइंट लष्कराची, न्यूयॉर्क राज्यात, १८०२ची. अ‍ॅनापोलिस नौदलाची, मेरीलँडमध्ये, १८४५ची. हवाई दलाची कोलोरॅडो स्प्रिंग्जला, १९५४ची. कोस्ट गार्डची कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला आणि मर्चंट मरीनची न्यूयॉर्कजवळ किंग्ज पॉइंटला. कोस्ट गार्डला नॉमिनेशन लागत नाही, बाकी चौघींना लागते. या एका फरकामुळे लवकर आलेल्या पत्राचा अर्थही बदलतो.

आधी कागद नीट वाचा

‘अकादमीचे पत्र आले’ असे घरात म्हटले जाते तेव्हा हातातला कागद पाचांपैकी काहीही असू शकतो, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

नुसते उत्तेजन देणारे पत्र किंवा ईमेल: ‘तुमची कामगिरी चांगली आहे, अर्ज पूर्ण करा.’ यात कसलेही वचन नाही. उन्हाळ्यात वेस्ट पॉइंटच्या समर लीडर्स एक्स्पीरियन्सला किंवा अ‍ॅनापोलिसच्या समर सेमिनारला निवड झाली, तरी तेही वचन नाही.

लेटर ऑफ अश्युरन्स: सशर्त वचन. अटी पत्रातच छापलेल्या असतात.

ऑफर ऑफ अपॉइंटमेंट: हा खरा प्रवेश. याचे पत्र आणि पोर्टलवरची नोंद दोन्ही येतात, आणि होकार-नकार पोर्टलवरच द्यायचा असतो.

कोस्ट गार्डची अर्ली अ‍ॅक्शन: ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज केला तर निकाल लवकर कळतो. तो तुम्हाला बांधून घेत नाही.

आणि पाचवा कागद म्हणजे कागदच नसणे: खेळाच्या प्रशिक्षकाचा शब्द. ‘आम्हाला तू हवा आहेस’ असे प्रशिक्षक मनापासून म्हणत असेल, पण प्रवेश अ‍ॅडमिशन्स बोर्ड देते. त्याच्याकडून लेखी काही येईपर्यंत ती जागा तुमची नाही.

हातात एलओए असेल तर एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: अट, ती कोण ठरवणार, शेवटची तारीख. नॉमिनेशन, मेडिकल, शारीरिक चाचणी, बारावीचे गुण, राहिलेली कागदपत्रे. हा कागद फ्रिजवर लावा. मुलाने तो स्वतः भरावा. आईवडिलांनी भरला तर पुढच्या जूनपर्यंत आईवडीलच भरत राहतात.

या सगळ्याच्या आधीची अट नागरिकत्वाची. अकादमीत दाखल होण्याच्या दिवशी मूल अमेरिकेचे नागरिक असलेच पाहिजे. एच-४ व्हिसावरच्या (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या) किंवा नुसते ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला नेहमीच्या मार्गाने प्रवेश नाही. आई किंवा वडील नागरिक झाले तेव्हा मूल अठराच्या आतले, ग्रीन कार्डधारक आणि त्यांच्याच ताब्यात अमेरिकेत राहणारे असेल, तर ते आपोआप नागरिक होते. पण पुरावा आपोआप घरी येत नाही. अमेरिकन पासपोर्ट काढून ठेवा आणि तो अकरावीतच काढा.

नॉमिनेशन: एलओए असूनही अर्ज करायचाच

प्रत्येक मूल आपल्या राज्याचे दोन सिनेटर आणि आपल्या मतदारसंघाचा हाउसमधला (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातला) प्रतिनिधी अशा तिघांकडे अर्ज करू शकते. उपराष्ट्राध्यक्षांकडेही करता येतो, पण साऱ्या देशातली मुले त्या मोजक्या जागांसाठी धडपडतात, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. आई किंवा वडील सैन्यात असतील तर राष्ट्राध्यक्षांच्या नॉमिनेशनचा वेगळा मार्ग आहे.

प्रत्येक कार्यालयाची मुदत वेगळी असते. बहुतेकांची सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये संपते. काहींची त्याआधी. एलओए ऑक्टोबरमध्ये आले आणि सिनेटरच्या कार्यालयाची मुदत सप्टेंबरातच गेली असेल, तर पत्र हातात घेऊनही त्या दारात उभे राहता येत नाही. म्हणून एलओएची वाट न पाहता तिन्ही अर्ज अकरावीच्या वसंतात सुरू करावेत. शिफारसपत्रे शिक्षकांकडून मे महिन्यातच मागावीत. सप्टेंबरमध्ये प्रत्येक शिक्षकापुढे चाळीस मुले उभी असतात.

नॉमिनेशनचे गणित थोडे समजून घ्यायला हवे. वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिस आणि हवाई दलाची अकादमी यांपैकी प्रत्येकीत एका वेळी एका लोकप्रतिनिधीच्या खात्यावर पाचच विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी झाली की तो उमेदवारांची यादी पाठवतो, आणि ती तीन प्रकारे पाठवता येते. एकाला ‘प्रिन्सिपल’ ठरवून बाकीच्यांना क्रमाने पर्यायी ठेवायचे. एकाला प्रिन्सिपल करून बाकीच्यांतली निवड अकादमीवर सोडायची. किंवा सगळ्यांनाच स्पर्धेत सोडून अकादमीला निवडू द्यायचे. प्रिन्सिपल उमेदवार सर्व बाबतींत पात्र ठरला तर ती जागा त्याचीच. त्याच्याहून जास्त गुणांचा मुलगा त्याच यादीत असला तरी.

एलओएचे खरे मोल इथे कळते. ज्याच्याकडे एलओए आहे त्याने यादीत पहिले यायची गरज नसते; कुठल्यातरी यादीत नाव असले की पुरते, कारण अकादमी त्याला दुसऱ्या कोट्यातून घेऊ शकते. म्हणून एलओए आले की त्याच दिवशी त्याची प्रत तिन्ही कार्यालयांतल्या अकादमीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला पाठवा. दोन ओळींचा नम्र ईमेल पुरे. अनुभवी कर्मचाऱ्याला ही माहिती उपयोगी पडते: त्याला तुमच्यावर प्रिन्सिपलची जागा खर्च करावी लागत नाही. पत्र दाखवले तर ‘याचे झाले, दुसऱ्याला देऊ’ असे म्हणतील, ही भीती अनेकांना वाटते. ती टाळण्यासाठी ईमेलमध्ये स्पष्ट लिहा की नॉमिनेशनशिवाय हे पत्र निरुपयोगी आहे.

अर्जात अकादम्यांचा पसंतीक्रम विचारतात. तो खरा लिहा. अनेक राज्यांत ही कार्यालये आपसांत याद्या ताडून पाहतात आणि एका मुलाला एकच नॉमिनेशन मिळेल असे बघतात. एलओए वेस्ट पॉइंटचे आणि पहिली पसंती अ‍ॅनापोलिस असेल, तर नॉमिनेशन अ‍ॅनापोलिसचे येऊन पत्र वाया जाऊ शकते. पत्र आल्यावर पसंती बदलली असेल तर कार्यालयाला लगेच कळवा.

मेडिकल: सगळ्यात जास्त पत्रे इथे अडकतात

मेडिकलचा निर्णय अकादमी घेत नाही. तो संरक्षण खात्याचे एक स्वतंत्र मंडळ घेते. त्याला सगळे ‘डॉडमर्ब’ म्हणतात. ते सांगेल त्या डॉक्टरकडे एक सर्वसाधारण तपासणी आणि एक डोळ्यांची तपासणी होते, आणि त्याआधी आरोग्याचा इतिहास विचारणारी लांबलचक प्रश्नावली भरायची असते. निकाल तीनपैकी एक: पात्र, अपात्र, किंवा ‘अजून माहिती पाठवा’.

अपात्र म्हटले म्हणजे संपले असे नाही. अकादमी वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, देऊ शकते. पण वेव्हर उमेदवाराला मागता येत नाही, अकादमीलाच तो विचारात घ्यावा लागतो, आणि जो मुलगा तिला हवा आहे त्याच्याच बाबतीत ती घेते. एलओए असलेल्याची बाजू म्हणूनच जड असते. तरीही वेव्हरला महिने लागतात, आणि एका अकादमीने दिलेला वेव्हर दुसरीला लागू होत नाही.

भारतीय घरांत हमखास अडचणीत आणणारी गोष्ट म्हणजे दम्याची नोंद. तेराव्या वाढदिवसानंतर दमा किंवा तसा त्रास झाल्याचा इतिहास अपात्र ठरवतो. खरा दमा असेल तर तो आहेच. पण कितीदा असे होते की मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी होती, खोकला महिनाभर टिकला, डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि विम्यासाठी नोंद करताना ‘अस्थमा’ लिहून टाकले. मुलाला ते आठवतही नसते. म्हणून प्रश्नावली भरायच्या आधी बालरोगतज्ज्ञाकडून पूर्ण रेकॉर्ड मागवून ओळ न ओळ वाचा. निदान चुकीचे असेल तर त्याच डॉक्टरकडून खुलासा लिहून घ्या. फुप्फुसांची चाचणी मात्र डॉडमर्बने मागितल्याशिवाय करू नका. त्यांना हवी असते तशीच ती व्हावी लागते.

बाकीचे नेहमीचे अडथळे: गेल्या दोन वर्षांत एडीएचडीचे (लक्ष न टिकण्याच्या त्रासाचे) औषध घेतलेले असणे, शेंगदाणा वगैरेची तीव्र अ‍ॅलर्जी, चष्म्याचा फार मोठा नंबर, गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि रंगांधळेपणा. रंगांच्या बाबतीत नौदल सगळ्यांत कडक आहे, तेव्हा अ‍ॅनापोलिसकडे डोळे लावलेल्या मुलाची ही तपासणी अकरावीतच करून घ्यावी.

मूल लहानपणी पुण्या-नाशिकला राहिले असेल, तिथे हाड मोडले असेल, अपेंडिक्स काढले असेल, तर त्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. एक्स-रेची फिल्म नसली तरी चालेल, पण शस्त्रक्रियेची तारीख, निदान आणि पूर्ण बरे झाल्याचा शेरा इंग्रजीत असावा. मे महिन्यात हे मामांना शोधायला सांगणे आणि मार्चमध्येच हाताशी असणे यात एका वर्षाचा फरक पडू शकतो.

आणि लपवू नका. एखादी जुनी गोष्ट सांगून अपात्र ठरलेल्या मुलाला वेव्हर मिळू शकतो. लपवलेली गोष्ट तिसऱ्या वर्षी उघडकीला आली तर प्रश्न प्रकृतीचा राहत नाही, सचोटीचा होतो, आणि या संस्था उभ्याच आहेत सचोटीवर.

चाचणी आणि गुण

कोस्ट गार्ड सोडून बाकी अकादम्यांच्या शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणे, पुल-अप्स, शटल रन, पोटाचे आणि छातीचे व्यायाम आणि शेवटी एक मैल धावणे असा क्रम असतो. एकेक प्रकार जमणे वेगळे आणि सगळे एकामागून एक करून मैल धावणे वेगळे. त्यामुळे चाचणीच्या आधी किमान दोनदा पूर्ण रंगीत तालीम करावी, घड्याळ लावून. पुल-अप्सला झोके देऊन वर जायची सवय असेल तर ती मोडायला दोन महिने लागतात.

गुणांबद्दल फार लिहायला नको. बारावीच्या पहिल्या सत्राचे निकाल अकादमी बघते. कॅल्क्युलस सोडून सोपा विषय घेतला, बी चा डी झाला, तर अश्युरन्स परत घेतले जाऊ शकते. विषय बदलायचा असेल तर आधी अकादमीच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला विचारा.

बाकीच्या कॉलेजांचे अर्ज

एलओए आले म्हणून बाकीचे अर्ज थांबवणे ही दुसरी मोठी चूक. अपॉइंटमेंट हातात येईपर्यंत एकही दार बंद करू नये.

अर्ली डिसिजनपासून मात्र सावध. तो बांधून घेणारा करार आहे: नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात निकाल, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. अकादमीचाही. त्यावर मुलगा, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. अकादमी पहिली पसंती असेल तर अर्ली डिसिजन करूच नये. साधी अर्ली अ‍ॅक्शन बिनधास्त करावी. काही विद्यापीठांची एकाच जागी लवकर अर्ज करू देणारी अर्ली अ‍ॅक्शन असते. त्यांच्या नियमांत सैनिकी अकादम्यांना बहुधा सूट असते, पण तो नियम त्या वर्षीच्या पानावर स्वतः वाचा.

आरओटीसीचा अर्जही सोबत ठेवावा. साध्या विद्यापीठात शिकत, शिष्यवृत्ती घेत अधिकारी होण्याचा हा मार्ग आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दल तिघांचे वेगळे अर्ज, आणि लष्कराचे निवड मंडळ वर्षात एकाहून जास्त वेळा बसते, म्हणून लवकर भरलेल्या अर्जाला जास्त संधी. मेडिकल तेच डॉडमर्बचे. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत पहिल्या वर्षानंतर कसलेही बंधन न घेता बाहेर पडता येते.

एक मेपर्यंत वेव्हर लटकलेलाच असेल तर साध्या कॉलेजात डिपॉझिट भरा. पुढे अकादमीचा होकार आला तर ते पैसे बुडतील, बुडू द्या.

आता तोलायचे

दोन पत्रे हातात असली की आधी आलेल्याकडे मन झुकते. पण पत्र आधी येणे ही अकादमीच्या कामाची गती झाली, मुलाच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही. तोलायची गोष्ट आहे ती पदवीनंतरची वर्षे.

वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिस, हवाई दल आणि कोस्ट गार्ड: पदवीनंतर किमान पाच वर्षे सक्रिय सेवा. वैमानिक झाल्यास त्याहून बरीच जास्त. हवाई दलात प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून दहा वर्षे. किंग्ज पॉइंटच्या पदवीधराला व्यापारी जहाजांवर काम आणि सोबत राखीव दल, किंवा सक्रिय सेवा, असे पर्याय असतात. पहिली दोन वर्षे होईपर्यंत मूल बाहेर पडू शकते, काही देणे लागत नाही. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की बंधन लागू होते. त्यानंतर सोडले तर सैनिक म्हणून सेवा करावी लागते किंवा शिक्षणाचा खर्च फेडावा लागतो.

मुलाला विचारायचा प्रश्न असा: ‘तू बावीसाव्या वर्षी सकाळी सहा वाजता कुठे असावास असे तुला वाटते? जहाजावर, पायदळाच्या तुकडीसोबत, की धावपट्टीवर?’ अ‍ॅनापोलिसमधून नौदल किंवा मरीन कोअर, कोलोरॅडो स्प्रिंग्जहून हवाई दल किंवा स्पेस फोर्स. अकादमीची ऑफर कुठल्याही शाखेची हमी देत नाही. वैमानिक होणे डोळ्यांवर आणि गुणांवर ठरते. ‘आधी इथे जाऊ, मग डॉक्टर होऊ’ असा घरचा बेत असेल तर तो आताच मोडा. अकादमीतून थेट वैद्यकीय शिक्षणाला मोजकीच मुले जातात. इतिहास घेतला तरी पदवी बॅचलर ऑफ सायन्सचीच मिळते आणि गणित-विज्ञानाचा भार सगळ्यांवर असतो, हेही लक्षात असू द्या.

शिक्षण, राहणे, जेवण, औषधोपचार यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत, आणि किंग्ज पॉइंट सोडली तर बाकीकडे वर दरमहा थोडे वेतन मिळते. पण केवळ फी वाचते म्हणून होकार देऊ नये; त्या कारणावर गेलेले मूल पहिल्या उन्हाळ्याच्या प्रशिक्षणात टिकत नाही. मुलासाठी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीच्या खात्यात) साठवलेल्या पैशांची काळजी नको: अकादमीत शिकणाऱ्यासाठी तिथल्या शिक्षणाच्या खर्चाइतकी रक्कम दहा टक्के दंडाशिवाय काढता येते, फक्त वाढीवर कर बसतो.

एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) देत नाही. मुलाकडे आधीच कार्ड असेल तर पुढे काय, हे वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. सुरक्षा तपासणीत भारतातल्या जवळच्या नातेवाइकांची माहितीही द्यावी लागते. आजोबांचा पत्ता आणि काकांची जन्मतारीख आधीच लिहून ठेवली तर रात्री दोन वाजता फोन करावे लागत नाहीत.

निर्णय होत नसेल तर अकादमीत एक रात्र मुक्काम करण्याची सोय मागा. मुलाने एकट्याने जावे, आईवडिलांनी बाहेर थांबावे. परतीच्या गाडीत पहिला अर्धा तास काही विचारू नये.

होकार दिल्यावर

अपॉइंटमेंट पोर्टलवर स्वीकारली की त्याच आठवड्यात बाकीच्या अकादम्या, आरओटीसी आणि कॉलेजांना नकार कळवा. तुमची अडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळायची असते. ज्यांनी नॉमिनेशन दिले त्या कार्यालयांना आणि शिफारस लिहिणाऱ्या शिक्षकांना आभाराचे पत्र हाताने लिहावे.

दाखल होण्याचा दिवस जूनच्या शेवटी किंवा त्याच्या आसपास येतो. तोवर प्रकृतीत काहीही बदल झाला, पाय मुरगळला, अक्कलदाढ काढली, नवे औषध सुरू झाले, तर ते डॉडमर्बला आणि अकादमीला कळवावेच लागते. एप्रिलनंतर स्कीइंग आणि ट्रॅम्पोलिन बंद. अकादमी सांगेल तसे बूट मे महिन्यातच घ्या आणि रोज तासभर घालून चाला. कोऱ्या बुटांनी पायाला आलेले फोड पहिल्या आठवड्यात बरे व्हायला वेळच मिळत नाही.